डॉकर : घरच्या संगणकावरील कंटेनर
बसवावा कसा, चालवावा कसा आणि माहिती गमावू नये म्हणून काय करावे?

प्रतिनिधी

‘माझ्या संगणकावर तर हे व्यवस्थित चालत होते!’ सॉफ्टवेअर क्षेत्रात हे वाक्य ऐकले नाही, असा माणूस विरळाच. एका संगणकावर सुरळीत चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर नेला की अडखळतो. कधी एखादी पूरक फाईल नसते, कधी तिची आवृत्ती वेगळी असते, तर कधी आधीच बसवलेला दुसराच प्रोग्राम आडवा येतो. ही जुनी डोकेदुखी दूर करण्यासाठी गेल्या दशकभरात जे तंत्र सर्वाधिक रुजले, ते म्हणजे ‘कंटेनर’. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर सुरुवातीला वापरले जाणारे हे तंत्र आता विद्यार्थी, लघुउद्योजक आणि हौशी संगणकप्रेमी यांच्या घरच्या डेस्कटॉपवरही पोहोचले आहे. ते बसवणे अवघड नाही; मात्र ते नीट समजून न घेता वापरले, तर साठवलेली माहिती एका आज्ञेसरशी नाहीशी होऊ शकते. प्रस्तुत प्रतिनिधीने हा धडा स्वानुभवातून घेतला असून तो पुढे ओघाने येईलच.

कंटेनर म्हणजे काय?

न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनर वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या रांगा आपण पाहिल्या असतील. आत कापड आहे, औषधे आहेत की यंत्रांचे सुटे भाग, याच्याशी क्रेनला कर्तव्य नसते. पेटीचा आकार ठरलेला असला की झाले. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅकलिन या अमेरिकी व्यावसायिकाने ‘आयडियल एक्स’ या जहाजातून ५८ पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या आणि मालवाहतुकीची रीतच बदलली. संगणकातील कंटेनरने हीच कल्पना उचलली आहे. प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या सर्व पूरक फाईल्स आणि मांडणी एकाच पेटीत बंद करायची; मग ती पेटी कोणत्याही संगणकावर उघडली तरी आतील प्रोग्राम सारखाच चालतो. या क्षेत्रातील सर्वांत परिचित सॉफ्टवेअरचे नाव ‘डॉकर’, म्हणजे गोदी कामगार, असे असावे आणि त्याच्या बोधचिन्हात पाठीवर पेट्या वाहणारा निळा देवमासा असावा, हे ओघानेच आले.

येथे दोन संज्ञा प्रारंभीच समजून घेतल्या पाहिजेत. ‘इमेज’ म्हणजे साचा आणि ‘कंटेनर’ म्हणजे त्या साच्यातून काढलेला मोदक. एका साच्यातून हवे तितके मोदक काढता येतात आणि एखादा मोदक बिघडला तरी साच्याला धक्का लागत नाही. इमेज ही न बदलणारी, केवळ वाचण्याजोगी गोष्ट आहे. कंटेनर ही तिची चालती प्रत. या प्रतीत आपण जे बदल करतो ते वरच्या एका पातळ थरात लिहिले जातात. कंटेनर काढून टाकला की तो थरही जातो. हा एक नियम ध्यानात राहिला, तर पुढील अनेक अडचणी टळतात.

आभासी संगणकाहून वेगळा कसा?

एका संगणकात दुसरा संपूर्ण आभासी संगणक चालवण्याचे तंत्र अनेकांना परिचित आहे. त्यात प्रत्येक आभासी संगणकाला स्वतःची संपूर्ण कार्यप्रणाली लागते. त्यामुळे तो कित्येक गिगाबाइट जागा व्यापतो आणि सुरू व्हायला वेळ घेतो. कंटेनरमध्ये स्वतंत्र कार्यप्रणालीचा गाभा, अर्थात ‘कर्नल’, नसतो. यजमान लिनक्सचाच कर्नल सर्व कंटेनर वाटून घेतात. आभासी संगणक हा स्वतंत्र बंगला मानला, तर कंटेनर ही सोसायटीतील सदनिका होय. पाया, पाण्याची टाकी आणि जिना सामाईक. दरवाजा मात्र ज्याचा त्याचा. म्हणूनच कंटेनर काही क्षणांत सुरू होतो आणि साधारण कुवतीच्या संगणकावरही एकाच वेळी अनेक कंटेनर चालू शकतात.

ही ‘सदनिका’ उभी राहते ती लिनक्सच्या दोन सोयींमुळे. पहिली ‘नेमस्पेस’. हिच्यामुळे कंटेनरमधील प्रोग्रामला केवळ आपलेच प्रोग्राम, आपलेच नेटवर्क आणि आपल्याच फाईल्स दिसतात. दुसरी ‘कंट्रोल ग्रुप’. प्रोसेसर व मेमरीचा कोणी किती वाटा घ्यावा, याचे नियंत्रण ती करते.

चार दशकांची वाटचाल

कंटेनर ही एका रात्रीत सुचलेली कल्पना नव्हे. युनिक्स कार्यप्रणालीत १९७९ च्या सुमारास ‘सीएचरूट’ ही सोय आली. एखाद्या प्रोग्रामला ठरावीक फोल्डरपुरतेच जग दाखवण्याची ही पहिली पायरी. फ्रीबीएसडीने २००० मध्ये ‘जेल’ ही अधिक बंदिस्त सोय दिली, तर सोलारिसने २००५ मधील दहाव्या आवृत्तीत ‘झोन’ आणले. गुगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केलेले कंट्रोल ग्रुपचे काम जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ या कर्नलमध्ये समाविष्ट झाले आणि त्याच वर्षी ‘एलएक्ससी’ हे लिनक्स कंटेनरचे साधन पुढे आले.

या साऱ्या सोयी उपलब्ध होत्या, पण त्या वापरणे हे तज्ज्ञांचे काम होते. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे भरलेल्या ‘पायकॉन’ परिषदेत डॉटक्लाऊड कंपनीचे सॉलोमन हाईक्स यांनी अवघ्या काही मिनिटांच्या भाषणात डॉकरचे प्रात्यक्षिक दाखवले. त्याच महिन्यात ते मुक्त स्रोत म्हणून खुले झाले आणि पुढे कंपनीनेही आपले नाव बदलून डॉकर असे केले. इमेज तयार करण्याची सोपी पद्धत, ती इतरांना देण्यासाठी सार्वजनिक कोठार आणि एकाच ओळीत ती चालवणारी आज्ञा या त्रयीमुळे डॉकर लोकप्रिय झाले. जून २०१४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली. कंटेनरचे स्वरूप एकाच कंपनीच्या हाती राहू नये म्हणून जून २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ स्थापन झाले. त्यामुळे आज एका साधनाने बनवलेली इमेज दुसऱ्या साधनात चालते.

आधी संगणक तपासा

कंटेनरला लिनक्सचा कर्नल लागतो. मग विंडोज वा मॅकवर तो चालतो कसा? ‘डॉकर डेस्कटॉप’ हे सॉफ्टवेअर पडद्याआड एक लहानसा लिनक्स आभासी संगणक चालवते आणि सर्व कंटेनर त्यात ठेवते. यासाठी प्रोसेसरमध्ये आभासीकरणाची सोय असणे आणि ती सुरू असणे आवश्यक आहे.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या विभागात ‘सीपीयू’ निवडावे. तेथे ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढे ‘एनेबल्ड’ असे दिसले की मार्ग मोकळा. ‘डिसेबल्ड’ दिसल्यास संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये जावे लागते. इंटेलच्या संगणकात ही सोय ‘व्हीटी-एक्स’ किंवा ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या नावाने, तर एएमडीच्या संगणकात बहुधा ‘एसव्हीएम’ या नावाने आढळते. बायोसमधील अन्य काही बदलू नये. ‘इन्स्टॉल तर झाले, पण सुरूच होत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या एका खुंटीत असते.

मेमरीच्या बाबतीत ४ गिगाबाइटवर हा प्रपंच मांडणे म्हणजे संगणकाचे हाल करणे होय. ८ गिगाबाइट असल्यास शिकण्यापुरते काम भागते. ब्राऊझर, कोड लिहिण्याचे साधन आणि तीन-चार कंटेनर एकत्र चालवायचे तर १६ गिगाबाइट सोयीचे. हार्ड डिस्कवर किमान २० ते ३० गिगाबाइट जागा मोकळी ठेवावी.

आज्ञांविषयी एक सूचना. या लेखात त्या देवनागरीत, उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप कराव्यात.

विंडोजवर बसवताना

विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची स्वतःची सोय ‘विंडोज सबसिस्टीम फॉर लिनक्स’, अर्थात डब्ल्यूएसएल, या नावाने ओळखली जाते. तिची खरा लिनक्स कर्नल असलेली दुसरी आवृत्ती मे २०२० मधील विंडोज १० च्या अद्ययावत आवृत्तीसोबत सर्वांसाठी आली. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले असल्याने नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी विंडोज ११ वर करणे श्रेयस्कर.

प्रथम ‘पॉवरशेल’ हे प्रशासकाच्या अधिकाराने उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. त्यानंतर डॉकरच्या अधिकृत संकेतस्थळावरून डॉकर डेस्कटॉप उतरवून घ्यावे. अन्य कोणत्याही संकेतस्थळावरील ‘फुकट डाऊनलोड’च्या नादी लागू नये. बसवताना डब्ल्यूएसएल-२ वापरण्याचा पर्याय निवडलेला ठेवावा. काम पूर्ण झाल्यावर खालच्या पट्टीत देवमाशाचे चिन्ह दिसू लागते. ते स्थिर झाले की इंजिन तयार आहे असे समजावे.

डब्ल्यूएसएल संगणकाच्या मेमरीचा मोठा वाटा, सर्वसाधारणपणे निम्म्यापर्यंत, घेऊ शकते. संगणक मंदावल्यास आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ ही मजकूर फाईल तयार करून तीत मेमरीची मर्यादा लिहिता येते. ‘डब्ल्यूएसएल --शटडाऊन’ ही आज्ञा देऊन पुन्हा सुरुवात केली की मर्यादा लागू होते. तसेच प्रकल्पाच्या फाईल्स सी ड्राइव्हवर न ठेवता डब्ल्यूएसएलमधील लिनक्सच्या फोल्डरमध्ये ठेवल्यास कंटेनरचा वेग लक्षणीय वाढतो. अन्यथा प्रत्येक फाईल दोन कार्यप्रणालींच्या सीमेवरून ये-जा करत राहते.

मॅक आणि लिनक्स

मॅकधारकांनी आपला संगणक इंटेलचा आहे की नोव्हेंबर २०२० नंतर आलेल्या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा, हे आधी पाहावे. दोन्हींसाठी डॉकर डेस्कटॉपच्या फाईल्स वेगवेगळ्या आहेत. अ‍ॅपलच्या चिपवर आणखी एक बाब उद्भवते. काही जुन्या इमेज केवळ इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बनवलेल्या असतात. त्या अनुवादाच्या आधारे चालतात खऱ्या, पण संथ. शक्यतो ‘एआरएम-६४’ साठी उपलब्ध असलेली इमेज निवडावी.

लिनक्सवर मधला आभासी संगणक लागत नाही. ‘डॉकर इंजिन’ थेट चालते. उबुंटू वापरणाऱ्यांनी आधी बसलेली जुनी वा परस्परविरोधी पॅकेजेस काढून टाकावीत, डॉकरचे अधिकृत कोठार व त्याची पडताळणी करणारी कळ संगणकाच्या यादीत जोडावी आणि मग इंजिन बसवावे. प्रत्येक आज्ञेआधी ‘सुडो’ लिहिण्याचा कंटाळा येऊन अनेक जण स्वतःला ‘डॉकर’ या गटात समाविष्ट करतात. सोय मोठी आहे, परंतु या गटातील व्यक्तीला संगणकावर प्रशासकाइतकेच अधिकार मिळतात, हे विसरता कामा नये. सामाईक संगणकावर अशी सवलत सरसकट देऊ नये.

पहिला कंटेनर

टर्मिनल किंवा पॉवरशेलमध्ये ‘डॉकर रन हॅलो-वर्ल्ड’ ही आज्ञा द्यावी. आपल्या संगणकावर ही इमेज नसल्याने डॉकर ती ‘डॉकर हब’ या सार्वजनिक कोठारातून आणते, तिच्यापासून कंटेनर बनवते आणि ‘हॅलो फ्रॉम डॉकर’ अशा शब्दांत स्वागत करते. हा मजकूर दिसला म्हणजे कोठाराशी संपर्क, इमेज उतरवणे आणि कंटेनर चालवणे या तिन्ही गोष्टी सुरळीत आहेत, याची खात्री पटते.

पुढची पायरी म्हणजे काही उपयोगी चालवून पाहणे. ‘डॉकर रन -डी --नेम पान -पी १२७.०.०.१:८०८०:८० एनजिनएक्स’ या आज्ञेने एनजिनएक्स हा वेब सर्व्हर सुरू होतो. यातील ‘-डी’ म्हणजे पडद्याआड चालू ठेव. ‘--नेम’ने कंटेनरला आपण नाव दिले, ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहावे लागते. ‘-पी’ हे दार उघडते : आपल्या संगणकाच्या ८०८० क्रमांकाच्या दारावर आलेला पाहुणा कंटेनरच्या ८० क्रमांकाच्या दारी पोहोचवला जातो. ब्राऊझरमध्ये ‘लोकलहोस्ट:८०८०’ असे लिहिले की एनजिनएक्सचे स्वागतपृष्ठ दिसते. ते दार आधीच दुसऱ्या प्रोग्रामने व्यापले असेल तर डॉकर तसे सांगतो. अशा वेळी ८०८० ऐवजी ८०८१ घ्यावे. कंटेनरच्या आतील ८० हा आकडा मात्र बदलू नये.

रोजच्या वापरातील आज्ञा मोजक्याच आहेत :

* डॉकर पीएस – चालू कंटेनरची यादी. शेवटी ‘-ए’ जोडल्यास थांबलेलेही दिसतात.
* डॉकर लॉग्ज – कंटेनरने काय नोंदी केल्या, चूक कुठे झाली, हे सांगते. अडचण आल्यास प्रथम येथेच पाहावे.
* डॉकर स्टॉप व डॉकर स्टार्ट – थांबवणे आणि पुन्हा सुरू करणे. थांबवल्याने आतील माहिती जात नाही.
* डॉकर एक्झेक – चालू कंटेनरच्या आत एखादी आज्ञा चालवणे.
* डॉकर आरएम – थांबलेला कंटेनर काढून टाकणे. येथे सावधगिरी हवी.
* डॉकर सिस्टीम डीएफ – इमेज, कंटेनर आणि साठा यांनी किती जागा व्यापली, याचा हिशेब.

माहिती राहते कुठे?

आता प्रारंभी उल्लेखलेल्या अनुभवाविषयी. घरात वडिलांनी वर्षानुवर्षे जपलेली वृत्तपत्रीय कात्रणे आहेत. त्यांची विषयवार सूची करावी म्हणून प्रस्तुत प्रतिनिधीने घरच्या संगणकावर मारियाडीबी या माहितीसाठ्याचा कंटेनर सुरू केला. तीन आठवडे रोज रात्री वडील मथळे वाचत आणि आम्ही नोंदी करत असू. एके दिवशी नवी आवृत्ती घ्यावी म्हणून जुना कंटेनर काढून नवा चालवला. सूची कोरी! घाबरून, कदाचित जुन्या फाईल्सच्या गर्दीमुळे असे झाले असावे असे समजून, साफसफाईची ‘डॉकर व्हॉल्यूम प्रून’ ही आज्ञा दिली. ‘खात्री आहे का?’ या प्रश्नाला होकारही दिला. नेमक्या त्याच क्षणी सारे गेले.

नंतर शांतपणे वाचल्यावर चूक उमगली. मारियाडीबीची इमेज आपली माहिती कंटेनरच्या पातळ थरात न ठेवता ‘व्हॉल्यूम’ नावाच्या वेगळ्या साठ्यात ठेवते. वापरकर्त्याने नाव दिले नसल्यास डॉकर त्याला लांबलचक निनावी ओळख देतो. कंटेनर काढला तरी तो निनावी साठा मागे राहतो. नवा कंटेनर मात्र स्वतःसाठी नवा, रिकामा साठा घेतो. म्हणजे सूची त्या वेळी संगणकावरच होती. ती पुसली ती आमच्या साफसफाईने, कारण ती आज्ञा कोणीही वापरत नसलेले निनावी साठे कायमचे काढते. वडिलांनी एवढेच विचारले, ‘कागद तर शाबूत आहेत ना?’ कागद होते म्हणून दुसऱ्यांदा सुरुवात करता आली. ज्यांच्याकडे मूळ कागद नसतील, त्यांचे काय?

यावरील उपाय साधा आहे. साठ्याला नाव द्यावे. ‘डॉकर व्हॉल्यूम क्रिएट’ या आज्ञेने, समजा ‘कात्रणे’ या अर्थाच्या इंग्रजी अक्षरांतील नावाचा साठा तयार करावा. कंटेनर सुरू करताना ‘-व्ही’ या पर्यायाने तो साठा माहितीसाठ्याच्या फोल्डरला जोडावा. मारियाडीबीसाठी हे फोल्डर ‘/व्हार/लिब/मायएसक्यूएल’ असे आहे. मग कंटेनर दहा वेळा काढून पुन्हा केला तरी माहिती जागच्या जागी राहते. दुसरा मार्ग म्हणजे आपल्या संगणकावरील एखादे नेहमीचे फोल्डरच कंटेनरला जोडणे. स्वतः लिहिलेल्या फाईल्ससाठी तो सोयीचा. माहितीसाठ्यासाठी मात्र नामांकित व्हॉल्यूम बरा.

पण नाव दिलेला साठा म्हणजे ‘बॅकअप’ नव्हे. हार्ड डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. ‘डॉकर एक्झेक’च्या साहाय्याने मारियाडीबीचे ‘मारियाडीबी-डंप’ हे साधन चालवून साऱ्या नोंदींची एक मजकूर फाईल काढावी व ती पेन ड्राइव्हवर किंवा अन्यत्र ठेवावी. अशी फाईल पुन्हा भरून पाहिल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

अनेक कंटेनर, एक फाईल

वर्डप्रेसचे संकेतस्थळ घरीच तयार करून पाहायचे तर दोन कंटेनर लागतात : एक वर्डप्रेसचा, दुसरा माहितीसाठ्याचा. प्रत्येक वेळी लांबलचक आज्ञा लिहिण्याऐवजी ‘डॉकर कंपोज’ वापरावे. ‘कंपोज.वायएएमएल’ या मजकूर फाईलमध्ये कोणत्या सेवा हव्यात, त्यांची इमेज कोणती, दार कोणते, साठा कोणता हे लिहायचे आणि ‘डॉकर कंपोज अप -डी’ म्हणायचे. दोन्ही कंटेनर एकाच खासगी नेटवर्कवर उभे राहतात आणि सेवेला दिलेल्या नावाने एकमेकांना ओळखतात. म्हणून वर्डप्रेसला माहितीसाठ्याचा पत्ता देताना ‘लोकलहोस्ट’ न लिहिता त्या सेवेचे नाव लिहावे. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत येथे होते, कारण कंटेनरच्या दृष्टीने ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो स्वतःच.

या फाईलमध्ये ओळींचे समास अर्थपूर्ण असतात. ते स्पेसबारनेच सोडावेत. टॅब चालत नाही. काम संपल्यावर ‘डॉकर कंपोज डाऊन’ने सारे आवरता येते व नामांकित साठे सुरक्षित राहतात. मात्र याच आज्ञेला ‘-व्ही’ जोडल्यास फाईलमध्ये नमूद केलेले साठेही पुसले जातात. जुन्या पुस्तकांत व लेखांत ही आज्ञा मध्ये जोडरेघ देऊन लिहिलेली आढळेल. ती पहिली आवृत्ती असून तिचे साहाय्य २०२३ मध्ये थांबले आहे. आता जोडरेघेऐवजी मोकळी जागा सोडावी.

आवृत्तीबाबतही सावध राहावे. इमेजच्या नावापुढे काहीच लिहिले नाही तर डॉकर ‘लेटेस्ट’ ही खूण गृहीत धरतो. आज जी ‘लेटेस्ट’ आहे, ती सहा महिन्यांनी वेगळी असू शकते आणि माहितीसाठ्याची नवी मोठी आवृत्ती जुन्या फाईल्स स्वीकारेलच असे नाही. म्हणून आवृत्तीचा आकडा नेहमी स्पष्ट लिहावा आणि बदलण्यापूर्वी बॅकअप घ्यावा.

सुरक्षिततेचा प्रश्न

कंटेनरमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा समज घातक ठरू शकतो. सदनिकेच्या भिंती बंगल्याच्या कुंपणाइतक्या भक्कम नसतात. कंटेनर प्रत्यक्ष चालवणाऱ्या ‘रनसी’ या घटकात फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ च्या अखेरीस अशा त्रुटी उघड झाल्या, की दुष्ट हेतूने बनवलेला कंटेनर यजमान संगणकावर हात मारू शकत होता. दोन्ही वेळा दुरुस्ती तातडीने आली. ती लाभली अर्थातच सॉफ्टवेअर अद्ययावत करणाऱ्यांना.

दुसरा धोका अनोळखी इमेजचा. २०१८ मध्ये डॉकर हबवरून १७ इमेज काढून टाकाव्या लागल्या. त्या वापरणाऱ्यांच्या संगणकावर गुपचूप आभासी चलनाचे खाणकाम चालवत होत्या. त्यामुळे ‘ऑफिशियल इमेज’ किंवा ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ अशी खूण असलेल्या इमेजनाच प्राधान्य द्यावे.

तिसरी बाब दारांची. ‘-पी ८०८०:८०’ असे लिहिल्यास ते दार केवळ आपल्यासाठी नव्हे, तर नेटवर्कवरील इतरांसाठीही उघडते. वर आपण मुद्दाम ‘१२७.०.०.१’ हा पत्ता आधी लिहिला, तो यासाठीच. त्याने दार आपल्या संगणकापुरते मर्यादित राहते. उबुंटूवर ‘यूएफडब्ल्यू’ ही संरक्षक भिंत लावली असली तरी डॉकरने उघडलेले दार तिला वळसा घालून जाते, हे अनेकांच्या गावीही नसते. माहितीसाठ्याचे दार तर शक्यतो उघडूच नये. कंपोजमधील कंटेनर ते न उघडताही एकमेकांशी बोलू शकतात.

जागेचा हिशेब

काही महिन्यांच्या वापरानंतर हार्ड डिस्क भरल्याची सूचना येऊ लागते. जुन्या इमेज व थांबलेले कंटेनर साचत जातात. ‘डॉकर सिस्टीम डीएफ’ने हिशेब पाहून ‘डॉकर सिस्टीम प्रून’ने अडगळ काढता येते. ही आज्ञा साठ्यांना हात लावत नाही. मात्र तिला ‘--व्हॉल्यूम्स’ जोडण्यापूर्वी वरील अनुभव आठवावा. विंडोजवर एवढे करूनही सी ड्राइव्हवरील जागा तितकीच व्यापलेली दिसते, कारण डब्ल्यूएसएलची आभासी डिस्क फाईल वाढते, पण सहसा आपोआप आकसत नाही. ती वेगळ्या साधनाने आटोपशीर करावी लागते.

परवाना आणि पर्याय

डॉकर इंजिन मुक्त स्रोत असून विनामूल्य आहे. डॉकर डेस्कटॉपचे तसे नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कंपनीने त्याच्या अटी बदलल्या. वैयक्तिक वापर, शिक्षण, अव्यावसायिक मुक्त स्रोत प्रकल्प आणि २५० हून कमी कर्मचारी व वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल, अशा दोन्ही अटींत बसणारे लघुउद्योग यांना ते विनामूल्य राहिले. इतरांना शुल्क भरावे लागते. विद्यार्थ्याला घरी चिंता नाही, परंतु नोकरीच्या ठिकाणी बसवण्यापूर्वी तेथील नियम विचारून घ्यावा. डॉकर हबवरून इमेज उतरवण्यावरही नोव्हेंबर २०२० पासून मर्यादा आहे. खाते उघडून लॉगिन केल्यास ती काहीशी सैल होते.

पर्यायही आहेत. रेड हॅटच्या पुढाकाराने विकसित झालेले ‘पॉडमन’ सतत चालणाऱ्या मध्यवर्ती सेवेविना आणि प्रशासकाचे अधिकार न घेता कंटेनर चालवते. त्याच्या बहुतेक आज्ञा डॉकरसारख्याच आहेत. खिडक्या-बटणांची सोय हवी असणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये ‘पॉडमन डेस्कटॉप’ची १.० आवृत्ती आली. सुसेचे ‘रँचर डेस्कटॉप’ आणि मॅकवरील ‘कोलिमा’ हेही मुक्त स्रोत पर्याय होत. अ‍ॅपलनेही जून २०२५ मध्ये मॅकसाठी स्वतःचे कंटेनर साधन खुले केले. शेकडो कंटेनर अनेक संगणकांवर सांभाळणारे, गुगलने २०१४ मध्ये जाहीर केलेले ‘कुबरनेटिस’ ही पुढची इयत्ता; घरच्या डेस्कटॉपवर तिची घाई करण्याचे कारण नाही.

थोडक्यात सांगायचे तर, आभासीकरण सुरू आहे का पाहावे, सॉफ्टवेअर अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे, आवृत्तीचा आकडा लिहावा, साठ्याला नाव द्यावे, दार आपल्यापुरतेच उघडावे आणि ‘प्रून’ म्हणण्यापूर्वी काय जाणार आहे ते वाचावे. कंटेनर हा मुळातच टाकून देण्यासाठी बनवलेला असतो आणि त्यातच त्याची ताकद आहे. तो टाकताना आतील मोलाची वस्तू आधी बाहेर काढली की नाही, हे मात्र आपल्यालाच पाहावे लागते. आमच्या घरी सूचीचे काम पुन्हा सुरू झाले आहे. या खेपेस साठ्याला नाव आहे आणि दर रविवारी एक प्रत पेन ड्राइव्हवर जाते. वडील तो पेन ड्राइव्ह कात्रणांच्याच पेटीत ठेवतात.